गृहिणी आणि प्राप्तिकर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी शिकलेल्या बाई आपल्यापुढे बोलतात. मागे डॉक्टरीणबाई बोलल्या, एकदा शाळेच्या मुख्याध्यापिका बोलल्या. यंदा अध्यक्षीणबाईंनी मला उभे केले. मी सातवी पास. विषय काय, तर इन्कमटॅक्स! आमच्या घरी हे कळले तेव्हा थोरला चिरंजीव हसून म्हणाला, "आई, तुझे उत्पन्न शून्य, आणि तू टॅक्सवर बोलणार?" मी म्हटले, "बाबा रे, त्या शून्यातूनच माझे नऊ हजार चारशे पन्नास रुपये कापले गेले होते, म्हणून तर बोलणार." तेव्हा पुस्तकी ज्ञान माझ्याजवळ नाही. जे हेलपाटे घातले, ज्यांना विचारले, जे कागद वाचून घेतले, तेवढेच सांगते. चुकले तर आपल्यातल्या ज्या कॉमर्स शिकलेल्या सुना आहेत त्यांनी मध्येच सांगावे.

आधी माझी हकीकत. माझे माहेर मुरबाड तालुक्यातले. वडील गेल्यावर गावची शेतजमीन विकायची ठरली. मुलीलाही मुलाइतकाच वाटा हे 2005 च्या कायद्यापासून सगळ्यांना ठाऊक झाले आहे. भावांनी आनंदाने दिला असे मी म्हणत नाही, परंतु दिला. माझ्या वाट्याला 9 लाख रुपये आले. जमीन खेड्यातली, शेतीची, शहरापासून लांब, म्हणून त्या विक्रीवर कर लागला नाही. हीच जमीन आपल्या बदलापूरला लागून असती तर हिशेब निराळा झाला असता. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतरात असलेली शेतजमीन विकली तर तिच्या नफ्यावर कर आहे. कात्रपच्या आसपास ज्यांच्या जमिनी अजून शिल्लक आहेत त्यांनी ही गोष्ट विकण्याआधी विचारावी, विकल्यावर नव्हे.

असो. आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर आहेत. ते म्हणाले, "पैसे तुझ्याच नावावर ठेव. घरात तुझे स्वतःचे काहीतरी असू दे." जुलै 2023 मध्ये एका बँकेत 7 टक्क्यांनी ठेव ठेवली. दर तिमाहीला 15,750 रुपये व्याज खात्यात यायचे होते. मी मनाशी हिशेब केला होता, धाकटीची क्लासची फी त्यातून भागेल. ऑक्टोबरात पासबुक भरून आणले तर 12,600 आलेले. वाटले, पहिली तिमाही पुरी झाली नसेल. जानेवारी 2024 मध्ये पुन्हा 12,600. मग मात्र मी बँकेत गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी पासबुक पाहिले, कॉम्प्युटरवर पाहिले आणि म्हणाले, "टीडीएस कापलाय. तुम्हाला नाही कळायचे, मिस्टरांना पाठवा."

मैत्रिणींनो, ते काही वाईट बोलले नाहीत. आवाजही चढवला नाही. पण ठेव माझी, व्याज माझे, वडिलांच्या जमिनीचे पैसे माझे, आणि कळायचे तेवढे मिस्टरांना! त्या दिवशी मी बँकेतून कात्रप चौकापर्यंत रिक्षा न करता चालत आले. रस्ताभर एकच विचार, हे टीडीएस म्हणजे आहे तरी काय?

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक मुलगी बी.कॉम.ला होती. तिने मला स्वयंपाकघरात बसून समजावले, मी पोळ्या लाटत होते. टीडीएस म्हणजे कर नव्हे, कराची आगाऊ कपात. दूधवाल्याकडे आपण अनामत ठेवतो तसे. बँक आपले व्याज देताना त्यातले थोडे कापून आपल्या नावाने सरकारात भरते. वर्षाअखेर आपला खरा कर तेवढा होत असेल तर तो जिरला. होत नसेल तर रिटर्न भरून परत मागायचा. न मागितला तर कोणी घरी आणून देत नाही.

आता कापतात किती? पॅन चालू असेल तर व्याजाच्या 10 टक्के. पॅन नसेल किंवा बंद पडले असेल तर 20 टक्के. माझे 20 टक्क्यांनी कापले होते, 15,750 वर 3,150. याचा अर्थ माझे पॅन बंद होते. पण कार्ड तर माझ्या कपाटात, चांगले प्लॅस्टिकच्या पाकिटात होते! मग कळले की 30 जून 2023 पर्यंत ज्यांनी पॅन आधारला जोडले नाही त्यांची पॅन 1 जुलै 2023 पासून निष्क्रिय झाली. आणि माझे जोडले जाणेच शक्य नव्हते. लग्नाआधी दोन वर्षे मी अंबरनाथला पॅकिंगच्या कामाला जात असे, तिथे पगारासाठी पॅन काढायला लावले होते. त्यावर माहेरचे नाव, वडिलांचे आडनाव. आधारवर सासरचे नाव. सरकारच्या लेखी त्या दोन बायका निराळ्या.

इथे हात वर करून सांगा पाहू, कितीजणींच्या पॅनवर अजून माहेरचे नाव आहे? ... पाहिलेत, आपल्या या लहानशा खोलीत एवढे हात! पुरुषांना ही अडचण जन्मात येत नाही. नाव बदलायचे आपण, आणि बदलल्याचा पुरावाही आपणच द्यायचा.

पॅनवरचे नाव बदलायला विवाहनोंदणीचा दाखला मागितला. आमचे लग्न 2003 च्या मे महिन्यातले, नोंदणी कोणी केली होती? मग लग्नाला वीस वर्षे उलटून गेल्यावर आम्ही दोघे नोंदणी करायला निघालो. लग्नपत्रिका हवी, लग्नातला फोटो हवा, वयाचे नि पत्त्याचे पुरावे हवेत, तीन साक्षीदार हवेत आणि लग्न लावलेल्या गुरुजींची सही हवी. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत देवाच्या पोथीत निघाली, हे माझे नशीब. गुरुजी मुरबाडकडे, वय ऐंशीच्या घरात. त्यांना कारण सांगितले तर म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षे तसेच राहत होतात की काय?" हे आमचे लाजून बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले.

फेब्रुवारीत नोंदणी झाली, मार्चमध्ये पॅनवरचे नाव दुरुस्त झाले. एप्रिलमध्ये 1,000 रुपये विलंबशुल्क भरून ते आधारला जोडले. महिन्याभराने चालू झाले. तोपर्यंत तिसरा हप्ताही कापून गेला होता. तीन तिमाह्यांचे मिळून 9,450. जुलै 2024 मध्ये रिटर्न भरले. माझे वर्षाचे उत्पन्न किती, तर व्याजाचे 47,250, आणि त्या वर्षी नव्या पद्धतीत 3 लाखांपर्यंत कर शून्य होता. तेव्हा कापलेले सगळे परत मिळायला हवे. रिटर्न बंगळुरूच्या केंद्रात तपासले जाते, तिथे ना ओळख लागते ना चिठ्ठी. ऑगस्टमध्ये 9,450 आणि वर दोनशेहून जास्त व्याज माझ्या खात्यात जमा झाले. गंमत अशी की ते दोनशे रुपयांचे व्याजही पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवावे लागते!

आता यातून आपल्या कामाचे काय ते सांगते. ज्यांचे एकूण उत्पन्न करपात्र होत नाही त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच, एप्रिलमध्ये, बँकेत एक फॉर्म द्यायचा, की माझ्यावर कर होत नाही, कापू नका. साठीच्या आतल्यांना 15जी आणि साठीच्या वरच्यांना 15एच या नावाने तो आपण ओळखत आलो. 1961 चा प्राप्तिकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आला, त्यात कलमांचे आणि फॉर्मांचे नंबर बदलले. म्हणून नंबर पाठ करू नका. "व्याजावर कर कापू नये याचा फॉर्म द्या" एवढे म्हणा. प्रत्येक बँकेत निराळा द्यावा लागतो, दरवर्षी नव्याने द्यावा लागतो, आणि दिल्याची पोच शिक्क्यासह घ्यावी. एप्रिल 2025 पासून एका बँकेतले वर्षाचे व्याज 50,000 च्या आत असेल तर कपातच होत नाही. ज्येष्ठांना ही मर्यादा 1 लाख आहे. एक बारीक गोष्ट, दोघांच्या नावे ठेव असेल तर कपात पहिल्या नावावर होते. तेव्हा पावतीवर पहिले नाव कोणाचे हे पाहून ठेवा. आमच्या सासूबाईंच्या ठेवीवर पहिले नाव धाकट्या दिरांचे निघाले. कोणी मुद्दाम केले नव्हते, फॉर्म ज्याने भरला त्याने आपले नाव आधी लिहिले, इतकेच.

आता दुसरा मुद्दा, जो ऐकायला पुरुषमंडळींनाही बोलवायला हवे होते. "बायकोच्या नावावर ठेवा, तिला टॅक्स नाही." हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक नाक्यावर ऐकू येते. ते अर्धे खरे आहे. नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर त्या देण्यावर कर नाही, कितीही द्या. परंतु त्या पैशांवर जे व्याज येईल ते कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो. ठेव तिच्या नावावर, पावती तिच्या नावावर, आणि व्याज मोजायचे त्याच्या खात्यावर. त्याने ते दाखवले नाही तर वर्ष-दोन वर्षांनी विचारणा येते, कारण बँक ज्याच्या नावे व्याज देते ते सारे आता खात्याच्या उताऱ्यात दिसते. त्या व्याजावर मिळालेले पुढचे व्याज मात्र बायकोचे. लहान मुलांच्या नावे ठेवले तर आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्यात धरतात.

मग बायकोचे स्वतःचे काय? तुम्ही पापड-कुरडया करून विकता, डबे देता, शिवणकाम करता, शिकवण्या घेता, ते तुमचे. वडिलांकडून, आईकडून, भावाकडून आले ते तुमचे, आणि त्यावरचे व्याजही तुमचे. माझे नऊ लाख म्हणून माझे. लग्नात मिळालेला आहेर करमुक्त आहे. एरवी नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला 50,000 च्या वर भेट आली तर ती उत्पन्न धरतात. म्हणून मी सांगते, आपल्या पैशांचा आणि नवऱ्याने ठेवायला दिलेल्या पैशांचा हिशेब निराळ्या वहीत ठेवा, आणि जमल्यास निराळ्या खात्यात. यात अविश्वास कसला? तांदूळ आणि डाळ आपण एका डब्यात भरत नाही.

गोव्यात ही गोष्ट अगदीच निराळी आहे. माझी मावसबहीण म्हापशाला दिली आहे. तिथे पोर्तुगीजांच्या वेळेपासूनचा नागरी कायदा चालतो. त्याप्रमाणे नवराबायकोची मालमत्ता सामाईक. म्हणून प्राप्तिकराच्या कायद्यातही गोव्याकरिता वेगळी तरतूद आहे. पगार ज्याचा त्याचा, पण घरभाडे, धंदा, व्याज अशा बाकीच्या उत्पन्नाचे दोन सारखे भाग करून अर्धे नवऱ्याच्या आणि अर्धे बायकोच्या नावे दाखवतात. दुकानात बसतो मेव्हणा, पण अर्ध्या नफ्याचे रिटर्न बहिणीच्या सहीने जाते. मी तिला विचारले, "तुला कळते का ग त्यातले?" तर म्हणाली, "सही करायची म्हणजे वाचावे लागते, वाचता वाचता कळायला लागले." आपल्याकडे हा नियम नाही. नाही तो का नाही, हे मात्र आमदार-खासदारांना विचारण्यासारखे आहे.

डब्यातल्या पैशांचे विचारता? 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र कोणी विसरली असेल असे वाटत नाही. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि घरोघरचे डाळीचे डबे उघडे पडले. माझ्या डब्यातून 14,000 निघाले. ह्यांनी काही विचारले नाही, पण दोन दिवस माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहत होते! ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने तेव्हा 2,11,500 रुपये खात्यात भरले होते. खात्याने ते तिचे न दाखवलेले उत्पन्न धरले. ती बाई गप्प बसली नाही, आग्र्याच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणापर्यंत गेली. 2021 साली निकाल लागला तो तिच्या बाजूने. नोटाबंदीच्या काळात गृहिणींनी भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम ही घरखर्चातून राखलेली बचत मानावी, उत्पन्न नव्हे, असे न्यायाधिकरणाने म्हटले. तो निकाल त्या वेळच्या भरण्यापुरता आहे, आजही वाटेल तेवढी रोख भरायला मोकळीक असे त्यावरून समजू नये. परंतु घर चालवणारी बाई पैसा राखते, हे एका न्यायासनाने कागदावर लिहून ठेवले, याचे मला फार बरे वाटले.

आता पगारदार घरांचे. आपल्या कात्रपात आता निम्म्याहून अधिक मंडळी सकाळची लोकल पकडून नोकरीला जाणारी, आणि घर कर्जाचे. त्यांच्यासाठी दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी. 2025-26 या वर्षापासून नव्या पद्धतीत पहिल्या 4 लाखांवर कर नाही, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्के, असे दर चार लाखांना पाच टक्के चढत 24 लाखांच्या वर 30 टक्के. पण करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर हा सगळा कर माफ होतो. पगारदाराला 75,000 ची वजावट आधीच मिळते, म्हणजे पावणेतेरा लाख पगारापर्यंत काही भरायचे नाही.

मग कोणी विचारतात, बारा लाखांवर थोडे गेले तर एकदम साठ हजार भरायचे का? नाही. समजा पगार 13 लाख. वजावट जाऊन राहिले 12 लाख 25 हजार. दरांप्रमाणे कर होतो 63,750, पण बारा लाखांवर उत्पन्न गेले फक्त 25,000, म्हणून कर 25,000 च्या वर घेत नाहीत. त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 26,000. मात्र शेअर विकून झालेल्या नफ्यावर जो खास दराने कर लागतो त्याला ही माफी नाही. ज्यांची मुले मोबाइलवर शेअर घेतात-विकतात त्यांनी हे घरी सांगावे. पोरे हे सांगत नाहीत.

जुन्या पद्धतीत दर चढे आहेत, अडीच लाखांपासून कर सुरू होतो, पण विमा, भविष्यनिर्वाह निधी, घरकर्जाचे व्याज, आजारपणाच्या विम्याचा हप्ता अशा वजावटी मिळतात. मोठे कर्ज आणि मोठा पगार असेल तर कधी जुनी परवडते. दोन्ही मांडून पाहावे, पगारदाराला दरवर्षी निवडता येते. पण जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीत भरलेच पाहिजे.

यातून एक गोष्ट निघते आणि ती मी जरा जोराने सांगणार आहे. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये विम्याचे एजंट दारात येतात. "वहिनी, साहेबांचा टॅक्स वाचेल, एक पॉलिसी घेऊन टाका." ज्या घरात पावणेतेरा लाखांच्या आत पगार आहे आणि नवी पद्धत घेतली आहे, तिथे वाचवायला टॅक्सच नाही! मग वीस वर्षे हप्ते कशासाठी भरायचे? विमा घरातला कमावता माणूस गेला तर आधार म्हणून घ्यावा. टॅक्ससाठी म्हणून घेऊ नये. माझ्याकडे आलेल्या गृहस्थांना मी हेच विचारले, तर चहा अर्धा ठेवून गेले.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी टॅक्स वाचवण्याच्या निमित्ताने का होईना, वर्षाला काही रक्कम बाजूला पडत असे. आमच्या मोठ्या जावेच्या मुलाचे कॉलेज अशाच सक्तीच्या पैशांतून झाले. आता ती सक्ती गेली, आणि हातात आलेले पैसे मोबाइलच्या हप्त्यात आणि हॉटेलात जातात. सुकन्या समृद्धीत मुलगी दहा वर्षांची होण्याआधी खाते उघडता येते, वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येते, 2025-26 मध्ये त्यावर 8.2 टक्के व्याज होते आणि ते करमुक्त, मग पद्धत जुनी असो की नवी. पीपीएफचे व्याजही तसेच. याउलट 2023 ते मार्च 2025 पर्यंत पोस्टात चाललेले जे महिला सन्मान प्रमाणपत्र आपल्यापैकी पुष्कळजणींनी घेतले, त्याचे व्याज मात्र उत्पन्नात धरायचे असते. नावात सन्मान आहे म्हणून कर माफ, असे नाही.

तसेच "बायकांना टॅक्समध्ये जादा सूट असते" हेही आता जुने झाले. होती खरी. 2010-11 मध्ये पुरुषांना 1 लाख 60 हजारांपर्यंत आणि बायकांना 1 लाख 90 हजारांपर्यंत कर नव्हता. 2012-13 पासून तो फरक काढून टाकला. त्याहून मौजेची गोष्ट जुनी आहे. आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे, अर्थमंत्री असताना 1955 साली लग्न झालेल्यांना 2,000 रुपयांपर्यंत आणि बिनलग्नाच्यांना 1,000 रुपयांपर्यंत सूट ठेवली होती. म्हणजे लग्न केले की टॅक्स कमी! पुढे 1958 मध्ये मुले किती यावरही सूट ठरू लागली. आज सरकार लग्न आणि मुले दोन्ही विचारत नाही, फक्त आधार विचारते.

बायकांसाठी सवलत आहे ती आपल्या राज्याच्या व्यवसायकरात. रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला 1975 पासून हा कर आला. पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 असे वर्षाचे 2,500 कापतात. एप्रिल 2023 पासून ज्या स्त्रीचा महिन्याचा पगार 25,000 पर्यंत आहे तिला तो माफ आहे. आपल्यातल्या ज्या एमआयडीसीत, दुकानात, शाळेत जातात त्यांनी पगारचिठ्ठी काढून पाहावी. आमच्या शेजारणीचे सात महिने कापत होते. तिने विचारले तेव्हा थांबले. न विचारता थांबले नसते. घर घेताना फक्त बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांकशुल्कात 1 टक्का सवलत आहे, 2021 पासून. नवराबायको दोघांच्या नावे घेतले तर ती मिळत नाही.

सोन्याबद्दल चिठ्ठ्या आल्या आहेत. विवाहितेला 500 ग्रॅम, अविवाहितेला 250, पुरुषाला 100, हा आकडा 1994 च्या एका सूचनेतला आहे. पण ती छाप्याच्या वेळी दागिने जप्त न करण्याची मर्यादा आहे. एवढेच सोने ठेवता येते असा तिचा अर्थ नाही. सोने अंगावर घालण्यावर कर नाही, विकून नफा झाला तर आहे. आईच्या बांगड्या मोडल्या तर आईने त्या घेतल्या तेव्हाची किंमत विचारात घेतात, तेव्हा जुन्या पावत्या जपाव्यात.

लाडक्या बहिणीचे एक विचारतात. 2024 च्या त्या योजनेत कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि घरात कोणी प्राप्तिकर भरणारा नसावा अशी अट आहे. म्हणून काहीजणी कापलेले पैसे परत मागायलाही भितात, "रिटर्न भरले तर पंधराशे बंद होतील." कर भरणे आणि कापलेला कर परत मागण्यासाठी रिटर्न भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पण घराचे खरे उत्पन्न मर्यादेच्या वर असेल तर ते लपवायला मी तरी सांगणार नाही.

आणि एक सावधगिरी. स्टेशनकडे एकजण "रिफंड काढून देतो, मिळेल त्याचे वीस टक्के द्या" म्हणून फिरतो. तो खोटी भाड्याची पावती, खोटी देणगी दाखवतो. परतावा येतोही. जुलै 2025 मध्ये खात्याने अशा खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. सही आपली असते, नोटीस आपल्याला येते, वीस टक्के घेऊन गेलेला सापडत नाही.

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी गेल्या वर्षी विधवा झाल्या. त्यांची गोष्ट सांगू की नको असे वाटत होते, पण त्यांनीच सांग म्हटले. नवरा गेल्यावर त्यांना माहीत नव्हते की ठेवी किती, कोणत्या बँकेत, पॅन नंबर काय. त्याचे शेवटच्या वर्षाचे रिटर्नही वारसाने भरायचे असते, तेही माहीत नव्हते. कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते ते त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नात धरतात, नव्या पद्धतीत त्यातून 25,000 पर्यंत वजावट मिळते. सहा महिने त्या कागद शोधत होत्या. कपाटाची किल्ली कमरेला होती, पण कपाटात काय आहे ते ठाऊक नव्हते, हे त्यांचेच शब्द.

आता वेळ होत आली, अध्यक्षीणबाई घड्याळ पाहताहेत. पगार-व्याजाचे साधे रिटर्न 31 जुलैपर्यंत भरायचे असते. चुकले तर 31 डिसेंबरपर्यंत भरता येते, पण तो दिवस उलटला की कापलेले पैसे साध्या वाटेने परत मागता येत नाहीत.

मी त्या बँकेत पुन्हा गेले होते, पुढच्या एप्रिलमध्ये, फॉर्म घेऊन. काउंटरवर तेच गृहस्थ. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी पाहिला, शिक्का मारला, पोच दिली. मिस्टरांना पाठवा असे काही म्हणाले नाहीत. ओळखले नसावे.

पुढच्या मंगळवारी भजनाच्या आधी अर्धा तास आपण बसणार आहोत. वरच्या मजल्यावरची ती मुलगी आता एका ऑफिसात कामाला आहे, ती येईन म्हणाली आहे. येताना पासबुक, ठेवीची पावती, पॅन आणि आधार घेऊन या. ज्यांच्या पॅनवर माहेरचे नाव आहे त्यांनी आजच ट्रंका उघडून लग्नपत्रिका शोधायला घ्यावी, आणि गुरुजी हयात आहेत का याची चौकशी करून ठेवावी.